बेस गिटारसाठी हलका अ‍ॅम्प्लिफायर आणि जुळणारे कॅबिनेट : निवड कशी करावी

बडोद्यात गणेशोत्सव संपला की पितृपंधरवड्यापुरती उसंत मिळते आणि लगेच नवरात्राचा गरबा सुरू होतो. पुढे कोजागरी, दिवाळी पहाट, आणि वर्षाच्या शेवटी पाडव्याची शोभायात्रा व सायंकाळचा कार्यक्रम. आपल्या सभासदांपैकी जे वाद्यवृंदात वाजवतात, त्यांचे सामान या काळात सतत जिन्यावरून वर-खाली होत असते. त्यात सर्वांत जड सामान बेस गिटार वाजवणाऱ्याचे. गेल्या काही वर्षांत अनेक हौशी मंडळींनी गुडघ्याच्या आणि कमरेच्या कारणाने बेस वाजवणे सोडले. एकदा ती जागा रिकामी झाली की कीबोर्डचा डावा हात किंवा मोबाइलवरचा ट्रॅक ती भरतो आणि जिवंत वाद्यवृंदातले एक माणूस कायमचे कमी होते.

हे टाळणे आता शक्य आहे. हल्लीचे अ‍ॅम्प्लिफायर पाठीवरच्या पिशवीत मावतात. मात्र हलके सामान घेताना पैसे चुकीच्या ठिकाणी जाण्याचा आणि स्पीकर जळण्याचा धोकाही आहे. सभासदांकडून वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे आम्ही येथे एकत्र देत आहोत. आमचे मुख्य सांगणे एवढेच, की आधी कॅबिनेट ठरवा, मग हेड. दुकानात बहुधा याच्या उलटे होते.

दोन शब्दांची ओळख

अ‍ॅम्प्लिफायरचा जो भाग गिटारचा सिग्नल वाढवतो, ज्यावर आवाजाची बटणे असतात, त्याला हेड म्हणतात. ज्या लाकडी पेटीत स्पीकर बसवलेला असतो ती कॅबिनेट. आपल्याकडे साउंडवाले तिला सरळ ‘बॉक्स’ म्हणतात. दोन्ही एकाच पेटीत असले तर तो कॉम्बो. कॅबिनेटचे नाव स्पीकरची संख्या आणि आकार यांवरून पडते. एक बारा म्हणजे १२ इंची एक स्पीकर, दोन दहा म्हणजे १० इंची दोन.

वजन कमी कसे झाले

लिओ फेंडर यांची प्रिसिजन बेस १९५१ साली बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बासमन हा अ‍ॅम्प्लिफायर आला. कार्यक्रम मोठे होत गेले तसे अ‍ॅम्प्लिफायरही वाढत गेले. १९६९ साली अँपेग कंपनीने ३०० वॅटचा एसव्हीटी आणला. व्हॉल्व्हवर चालणारे त्याचे हेड आणि १० इंची आठ स्पीकरची कॅबिनेट मिळून वजन ८० किलोंच्या पुढे जाई. पुढे ट्रान्झिस्टर आले, तरी आतला लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर तसाच राहिला.

खरा फरक तीन गोष्टींनी पडला.

पहिली गोष्ट वीजपुरवठ्याची. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. इतक्या संथ विजेसाठी ट्रान्सफॉर्मर मोठा लागतो. नव्या पद्धतीत हीच वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद केली जाते, त्यामुळे मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. आपल्या लॅपटॉपच्या चार्जरमध्ये हीच युक्ती असते.

दुसरी गोष्ट क्लास डी. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये विजेचा मोठा वाटा उष्णतेत जातो आणि ती बाहेर टाकायला अ‍ॅल्युमिनियमचे जाड पंखे लागतात. क्लास डीमध्ये सुमारे ९० टक्के वीज स्पीकरपर्यंत पोहोचते. म्हणून ५०० वॅटचे हेड आज दोन किलोंच्या आसपास मिळते. उदाहरणार्थ, अ‍ॅग्विलार कंपनीचे टोन हॅमर ५०० हे हेड सुमारे १.८ किलोंचे आहे, तर गॅलियन-क्रूगरचे २०० वॅटचे एमबी २०० एक किलोच्या आतले.

तिसरी गोष्ट निओडिमियमचे चुंबक. १९८० च्या दशकात शोधले गेलेले हे चुंबक फेराइटपेक्षा कितीतरी जोरकस असते, म्हणून स्पीकरला थोडेसेच पुरते. १२ इंची स्पीकरचे वजन त्यामुळे निम्म्याहून खाली येऊ शकते. निओडिमियमचा स्पीकर आणि हलक्या प्लायवूडची पेटी असलेली एक बाराची कॅबिनेट साधारण १२ ते १६ किलोंची असते. फेराइटची जुनी चार दहाची कॅबिनेट ३५ किलोंच्या पुढे जाते आणि ती उचलायला दोन माणसे लागतात.

आधी कॅबिनेट का

हेडचा प्रश्न जवळपास सुटलेला आहे. नामवंत कंपन्यांची दोन-तीन किलोंची हेड एकमेकांपासून स्वभावाने वेगळी असली, तरी कामाला सगळी येतात. कॅबिनेटचे तसे नाही. तेथे निसर्गाचा नियम आड येतो.

जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम स्पीकर बनवणारे सर्वजण मानतात. खोल खर्ज, मोठा आवाज आणि लहान पेटी या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. यांतल्या कोणत्याही दोन निवडा, तिसरी सोडावी लागते. त्यामुळे ‘एवढ्याशा बॉक्समधून जमीन हादरवणारा बेस’ अशी जाहिरात दिसली तर त्यात आवाजाचा जोर कुठेतरी सोडलेला आहे असे समजावे.

बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर ४१ हर्ट्झचा सूर येतो. पाच तारांच्या गिटारवर तो ३१ हर्ट्झपर्यंत खाली जातो. पण आपण कानाने जो बेस ओळखतो, त्यात या मूळ सुरापेक्षा त्याच्या दुपटीचा, म्हणजे ८२ हर्ट्झचा भाग पुष्कळदा अधिक असतो. म्हणून ५० हर्ट्झच्या आसपासपर्यंत नीट वाजणारी कॅबिनेट वाद्यवृंदाला उत्तम चालते. कागदावर ३० हर्ट्झ लिहिलेले आहे म्हणून जादा पैसे मोजू नयेत.

कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’चा आकडा असतो, तो मात्र जरूर पाहावा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते तो सांगतो. एका कॅबिनेटचा आकडा ९७ आणि दुसरीचा १०० असेल, तर पहिलीला दुसरीइतका आवाज काढण्यासाठी दुप्पट वॅट लागतील. तीन डेसिबलचा हा फरक वॅटच्या मोठ्या आकड्यामागे धावणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

वॅट किती हवेत

प्रथम हे पाहावे की सांगितलेला आकडा ‘आरएमएस’चा आहे की ‘पीक’चा. पीकचा आकडा दिसायला मोठा असतो; तुलना नेहमी आरएमएसच्या आकड्यांचीच करावी.

दुसरे म्हणजे वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. २५० चे ५०० वॅट केले तर वाढ होते फक्त ३ डेसिबलची, म्हणजे कानाला कळेल एवढीच. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी दहापट वॅट हवेत. त्याउलट, एक ८ ओहमची कॅबिनेट असताना तशीच दुसरी जोडली, तर हेड जवळपास दुप्पट शक्ती देते आणि हवा ढकलणारा स्पीकरचा पृष्ठभागही दुप्पट होतो. खर्जात ही वाढ ६ डेसिबलपर्यंत जाते. म्हणूनच नवे मोठे हेड घेण्याआधी दुसरी कॅबिनेट घ्यावी, असे आम्ही सुचवतो.

तिसरे, स्पीकर दोन प्रकारे बिघडतो. फार शक्ती दिली की आतली तारेची गुंडाळी तापून जळते, हे सर्वांना माहीत असते. पण खर्जात स्पीकरचा कागदी कोन मर्यादेबाहेर पुढे-मागे जाऊनही तो फाटतो किंवा वाकतो. तेवढ्याच आवाजासाठी एक सप्तक खाली गेले की कोनाला चौपट हालचाल करावी लागते. त्यामुळे ३०० वॅटची कॅबिनेट पाच तारांच्या गिटारवर, बेसचे बटण पूर्ण फिरवलेले असताना, ३०० वॅटच्या पुष्कळ आधीच हार मानू शकते. फरफर असा आवाज आला की ताबडतोब बेसचे बटण कमी करावे, आवाजाचे नंतर. हेडमध्ये ‘हाय पास फिल्टर’ असेल तर तो ३० ते ४० हर्ट्झवर ठेवावा. ऐकू न येणारा अतिखर्ज तो काढून टाकतो आणि स्पीकर वाचतो.

ओहमचे गणित

सर्वाधिक गोंधळ येथे होतो आणि नुकसानही. ओहम म्हणजे कॅबिनेटचा विजेला होणारा विरोध. तो जितका कमी, तितकी हेडमधून जास्त वीज ओढली जाते. प्रत्येक हेडच्या पाठीमागे किमान ओहम लिहिलेले असतात, बहुतेक वेळा ४. त्याच्या खाली जायचे नाही.

दोन कॅबिनेट जोडल्या की त्या समांतर जोडल्या जातात. त्याचे हिशेब असे :

• ८ ओहमची एक = ८ ओहम
• ८ ओहमच्या दोन = ४ ओहम
• ८ ओहमच्या तीन = सुमारे २.७ ओहम
• ८ ची एक आणि ४ ची एक = सुमारे २.७ ओहम
• ४ ओहमच्या दोन = २ ओहम

किमान ४ ओहम लिहिलेल्या हेडला यातील पहिल्या दोन जोडण्याच चालतात. ४ ओहमची एकच कॅबिनेटही चालते, पण मग दुसरी जोडायची वाट बंद झाली. म्हणून पहिली कॅबिनेट घेतानाच ८ ओहमची घ्यावी, म्हणजे पुढे तिची जोडीदार आणता येते. खरेदीच्या वेळी विक्रेता ‘४ ओहमवर पूर्ण ५०० वॅट मिळतील’ असे सांगेल. ते खरेच आहे. पण पुढच्या वर्षीच्या गरजेचा विचार आपण करायचा.

८ ओहमवर तेच हेड साधारण निम्मी किंवा थोडी अधिक शक्ती देते. म्हणजे ५०० वॅटचे हेड एका ८ ओहमच्या कॅबिनेटला २५० ते ३०० वॅट देईल आणि दोन कॅबिनेट असतील तर प्रत्येकीला सुमारे २५०. तेव्हा प्रत्येक कॅबिनेट आरएमएस ३०० वॅटची असली की जोडी नीट जुळली.

दोन्ही कॅबिनेट शक्यतो एकाच कंपनीच्या, एकाच नमुन्याच्या घ्याव्यात. वेगवेगळ्या कॅबिनेट एकत्र केल्या की काही सूर एकमेकांना मारतात आणि एकीवर भार जास्त पडतो. मांडताना एकीवर एक उभी ठेवावी. शेजारी-शेजारी ठेवल्यास बाजूला उभ्या असलेल्यांना आवाज उणा ऐकू येतो. उभ्या मांडणीत तो सगळ्यांना सारखा पोहोचतो आणि वरचा स्पीकर वाजवणाऱ्याच्या कानाजवळ येतो.

वायर आणि जोडणी

गिटारची वायर आणि स्पीकरची वायर दिसायला सारखी असू शकते, आतून नसते. हेड आणि कॅबिनेट यांच्यामध्ये गिटारची बारीक वायर लावली तर ती तापते. या जोडणीसाठी स्पीकॉन प्रकारचा फिरवून बसणारा कनेक्टर वापरावा. साधी जॅकपिन चालू हेडमध्ये आत-बाहेर करताना क्षणभर शॉर्ट होऊ शकते.

क्लास डी हेडच्या स्पीकरच्या आउटपुटमधून मिक्सरला कधीही वायर देऊ नये. दोन हेड एकाच कॅबिनेटला जोडू नयेत. मिक्सरसाठी ‘डीआय’ नावाचे वेगळे एक्सएलआर आउटपुट असते. त्यातून गुणगुण येत असेल तर शेजारचे ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबावे. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकणे हा जिवाशी खेळ आहे. ओलसर मांडवात, हातात धातूच्या तारांचे वाद्य आणि ओठांजवळ माइक असताना तर विशेषच.

परदेशातून आणताना

अनेक सभासदांची मुले अमेरिका-कॅनडात आहेत. दोन किलोंचे हेड त्यांच्या सामानात सहज येते, म्हणून ते तिकडून मागवण्याचा मोह होतो. मागवण्यापूर्वी हेडच्या मागच्या पट्टीचा फोटो मागवावा. ‘१०० ते २४०’ व्होल्ट लिहिले असेल तर फक्त प्लगची वायर बदलून ते येथे चालेल. ११५ आणि २३० असे सरकते बटण असेल तर लावण्याआधी ते २३० वर आणावे. फक्त १२० लिहिले असेल तर ते आपल्या २३० व्होल्टवर लावताक्षणी निकामी होण्याची भीती. त्यासाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, आणि त्याचे वजन हेडहून जास्त भरते! मग हलकेपणाचा उपयोग काय राहिला? कॅबिनेट मात्र येथेच घ्यावी. विमानाने आणणे परवडत नाही आणि वाटेत कोपरे फुटतात.

मांडवात जनरेटरवर वाजवायचे असेल तर आधी मल्टिमीटरने व्होल्ट तपासून मगच हेड लावावे. जनरेटर सुरू होताना किंवा बदलताना हेड बंद ठेवावे.

कोणत्या कार्यक्रमाला काय

घरातली तालीम, भिशीची मैफल किंवा पन्नास-साठ माणसांची कोजागरी : १०० ते २०० वॅटचा कॉम्बो, १० किंवा १२ इंची एक स्पीकर. एका हाताने नेता येईल एवढाच घ्यावा.

दोन-तीनशे खुर्च्यांचे सभागृह, सोबत ड्रम किंवा ऑक्टोपॅड : ३०० ते ५०० वॅटचे हेड आणि एक बारा किंवा दोन दहाची एक चांगली कॅबिनेट. बेस मिक्सरलाही द्यावा.

उघडा मांडव : भिंती नसल्याने खर्ज पसरून जातो. येथे एक बाराच्या दोन कॅबिनेट हव्यात, आणि श्रोत्यांपर्यंतचा आवाज डीआयमधून मोठ्या साउंडने न्यावा.

गरब्याचे मैदान : येथे श्रोत्यांना ऐकू येतो तो बेस ठेकेदाराच्या सबवूफरचा असतो. आपला अ‍ॅम्प फक्त वाजवणाऱ्याच्या आणि ढोलवाल्याच्या कानासाठी. लहान कॉम्बो किंवा कानातले मॉनिटर पुरतात. केवळ गरब्यासाठी कोणी मोठी कॅबिनेट घेत असेल तर थांबावे.

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला केंद्राच्या २००० च्या नियमांनुसार बंदी आहे, आणि सणांसाठी मिळणारी सवलत वर्षातून ठराविक दिवसांपुरतीच. खर्ज भिंतींतून आरपार जातो. शेजारच्यांची तक्रार येते ती बहुधा बेसमुळेच, हे सोसायटीत तालीम करणाऱ्यांनी विसरू नये.

मराठी गाण्यांत बेस

आपल्या कार्यक्रमांत भावगीत आणि नाट्यगीतापासून लावणी आणि कोळीगीतापर्यंत सगळे असते. डग्गा आणि ढोलकीची धुमाची बाजू यांचा घुमार आणि बेस गिटारचा मुख्य जोर एकाच पट्ट्यात येतात. बेसचे बटण वाढवले की पहिल्यांदा डग्गा हरवतो आणि तबलजी माइक वाढवायला सांगतो. मग सगळेच वाढत जाते. अशा वेळी बेसचा खर्ज थोडा उतरवून मध्यपट्टी, म्हणजे ४०० ते ८०० हर्ट्झ, किंचित वाढवावी. सूर स्पष्ट होतो, डग्ग्याला जागा राहते आणि स्पीकरवरचा भारही कमी होतो. लहान, हलक्या कॅबिनेटला हे वळण चांगले मानवते. कॅबिनेटमध्ये ट्विटर असेल तर भावगीताला तो बराच कमी ठेवावा, नाहीतर तारांवरून बोट सरकल्याचा आवाज गायकाच्या वर जातो.

घेण्यापूर्वी तपासणी

आपली गिटार आणि आपली वायर घेऊन जावे. हेड आधी मधल्या स्थितीत, सगळी बटणे सपाट ठेवून ऐकावे. सर्वांत जाड तारेवर एक-एक पट्टी वर सरकत जावे. एखादा सूर अचानक फुगत किंवा गायब होत असेल तर ती पेटी नको. मग कॅबिनेट उचलून एक मजला चढून पाहावे. दुकानदाराला आश्चर्य वाटले तरी चालेल. मंडळाच्या सभागृहाला लिफ्ट असेलच असे नाही. हँडल वजनाच्या मध्यावर आहे का, तेही तेव्हाच कळते.

जुनी कॅबिनेट घेताना वायर काढून मल्टिमीटरने रोध मोजावा. ८ ओहमची कॅबिनेट साधारण ६ च्या आसपास, ४ ची ३ च्या आसपास दाखवते. ८ ओहमची दोन दहा १२ च्या आसपास दाखवू लागली किंवा आकडाच आला नाही, तर एखादा स्पीकर गेला आहे किंवा बदलताना चुकीचा बसवला आहे. जाळी काढून कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाबावा. खरखर जाणवली तर आतली गुंडाळी घासते आहे.

पैशांची वाटणी करताना मोठा हिस्सा कॅबिनेटला ठेवावा. चांगली कॅबिनेट वीस वर्षे टिकते, दोन-तीन हेड तिच्यासमोर येऊन जातात. दोन १४ किलोंच्या कॅबिनेट आणि दोन किलोंचे हेड मिळून होतात ३० किलो, तेही तीन खेपांत. साठी उलटलेल्या सभासदालाही हे एकट्याने रिक्षापर्यंत नेता येते, आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला बसनेही. आमच्या मते बेस अ‍ॅम्प्लिफायर निवडण्याची खरी कसोटी हीच. खरेदीचा विचार असलेल्या सभासदांनी तालमीच्या दिवशी आपली गिटार घेऊन यावे; मंडळातील वेगवेगळ्या जोडण्या शेजारी-शेजारी लावून ऐकता येतील.